चावडी, लिफाफा आणि कायदा



लातूर शहरांतील गंजगोलाई आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. मध्यें वर्तुळाकार इमारत, आंत जगदंबेचें देऊळ, आणि त्या वर्तुळास चोहोंबाजूंनीं सोळा रस्ते येऊन मिळालेले. कोणत्याहि रस्त्यानें निघालेला मनुष्य अखेर त्या एका गोलावर येतो. आतां याच्या उलट नांदेड जिल्ह्यांतील खेड्यांचें चित्र डोळ्यांपुढें आणा. पाऊलवाटेनें, गाडीवाटेनें एक गांव दुसऱ्यास आणि दुसरें तिसऱ्यास जोडलेलें असतें. त्या सर्वांचा मिळून एक मध्य असा नसतो. एक वाट पुरानें बंद पडली तर लोक दुसऱ्या वाटेनें जातात.

आज इंटरनेटच्या साह्यानें माणसें ज्या रीतीनें एकमेकांशीं बोलतात, तिचेहि असेच दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारांत सर्वांचें बोलणें एका कंपनीच्या गोलावरून जातें. दुसऱ्या प्रकारांत मधला गोलच नसतो. या दुसऱ्या प्रकारांत पहारा कोणीं करावा, शिस्त कोणीं राखावी, आणि ती राखतांना माणसाच्या खासगी जीवनास धक्का कसा लागूं द्यावयाचा नाहीं, हा आजच्या लेखाचा विषय आहे. हा विषय केवळ शास्त्रज्ञांचा किंवा वकिलांचा नाहीं. ज्या घरांत एक मोबाइल आहे त्या प्रत्येक घराचा तो आहे, असें पुढील विवेचनावरून आपल्या ध्यानांत येईल.

१. मध्य नसलेली वस्ती

ट्विटर (ज्यास आतां एक्स म्हणतात) किंवा फेसबुक हीं पहिल्या प्रकारचीं उदाहरणें होत. तेथें नियम कंपनी करिते, दंडहि कंपनीच देते. २०१६ सालीं जर्मनींतील यूजेन रोचको या तरुणानें ‘मास्टोडॉन’ नांवाची निराळी व्यवस्था लोकांपुढें ठेविली. तींत हजारों लहान लहान सर्व्हर असतात. प्रत्येक सर्व्हर म्हणजे एक स्वतंत्र खेडें. त्याचा पाटील निराळा, नियम निराळे. परंतु एका खेड्यांतील मनुष्य दुसऱ्या खेड्यांतील मनुष्याशीं मोकळेपणानें बोलूं शकतो. हें बोलणें ज्या सामायिक रीतीनें चालतें तिला ‘ॲक्टिव्हिटीपब’ असें नांव असून, जानेवारी २०१८ मध्यें वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेनें ती प्रमाण म्हणून स्वीकारली. खरें पाहतां ही कल्पना अगदीं नवी नाहीं. आपली ई-मेल याच तत्त्वावर चालते. एका कंपनीच्या पत्त्यावरून दुसऱ्या कंपनीच्या पत्त्यावर पत्र बिनदिक्कत जातें.

आपल्या देशांत या व्यवस्थेचें नांव नोव्हेंबर २०१९ मध्यें पुष्कळांच्या कानीं आलें. सर्वोच्च न्यायालयांतील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचें खातें ट्विटरनें बंद केलें, तेव्हां त्याचा निषेध म्हणून अनेक भारतीय मास्टोडॉनकडे वळले. गोलाच्या मालकानें दार लावून घेतल्यास आपण कोठें जावें, हा प्रश्न तेव्हां लोकांना प्रथमच जाणवला.

व्हॉट्सॲपची गोष्ट या दोहोंच्या मधली आहे. तिची मालक कंपनी एकच आहे, सर्व्हरहि तिचेच आहेत. परंतु आपलें बोलणें कुलूपबंद असल्यामुळें तें कंपनीसहि वाचतां येत नाहीं. म्हणून तेथील प्रत्येक ग्रुप ही आपापल्यापुरती स्वतंत्र चावडीच झाली आहे. नात्यांतल्यांचा ग्रुप, गल्लीचा ग्रुप, वर्गाचा ग्रुप, मोंढ्यांतील अडत्यांचा ग्रुप अशा असंख्य चावड्या मराठवाड्यांत रोज भरतात, आणि त्यांवर वरून देखरेख करणारा असा कोणी नसतो.

२. कुलूप आणि किल्ली

हें कुलूप कसें काम करतें तें समजून घेणें अगत्याचें आहे. अशी कल्पना करा कीं, तुम्हीं आपल्या मित्राला एक उघडें कुलूप पाठवून दिलें आणि किल्ली मात्र आपल्याच खिशांत ठेविली. मित्रानें चिठ्ठी पेटींत घातली, तुमचें कुलूप दाबून लाविलें आणि पेटी टपालानें पाठविली. वाटेंत ती दहा हातांतून गेली तरी कोणासहि उघडतां येणार नाहीं; कारण लावण्यास किल्ली लागली नाहीं, पण उघडण्यास लागते, आणि ती तुमच्याजवळ आहे. मोबाइलमधील कुलूप गणिताचें असतें एवढाच भेद. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपवरील सर्व संदेशांस असें कुलूप आपोआप लागतें.

येथें एक सामान्य गैरसमज दूर केला पाहिजे. ‘मध्य नाहीं म्हणजे सारें गुप्त आहे’ असें पुष्कळांस वाटतें. तें खरें नव्हे. मास्टोडॉनवर एकानें दुसऱ्यास खासगी म्हणून पाठविलेला संदेश त्या सर्व्हरच्या चालकानें मनांत आणिलें तर तो वाचूं शकतो. तेथें व्हॉट्सॲपसारखें कुलूप नाहीं. उलट व्हॉट्सॲपला मालक एक असूनहि तेथील पत्र बंद लिफाफ्यांत असतें. तेव्हां सत्ता विखुरलेली असणें ही एक गोष्ट, आणि लिफाफा बंद असणें ही दुसरी गोष्ट. या दोहोंचा घोटाळा करूं नये.

लिफाफा बंद कां असावा? ज्याला कांहीं लपवावयाचें नाहीं त्यानें भ्यावें कशाला, असें कित्येक विचारतात. परंतु आपण घराचें दार लावून जेवतों, तें चोरीचें अन्न खातों म्हणून नव्हे. आजाराची बातमी, कर्जाची चिंता, मुलीच्या स्थळाची बोलणीं, मनांतील श्रद्धा या गोष्टी मनुष्य निवडक माणसांनाच सांगतो. आणि कोणास सांगावें हें ठरविण्याचा अधिकार त्याचा असतो. ता. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं एकमतानें असा निर्णय दिला कीं, खासगी जीवनाचा हक्क हा राज्यघटनेनें दिलेला मूलभूत हक्क होय. निवृत्त न्यायमूर्ति पुट्टस्वामी यांनीं हा दावा लाविला होता, म्हणून तो निर्णय त्यांच्या नांवानें ओळखला जातो.

३. राईनपाड्याचा धडा

आतां नाण्याची दुसरी बाजू पाहूं. ता. १ जुलै २०१८, रविवार. धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांत राईनपाडा येथें बाजाराचा दिवस होता. सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढें भागांतील नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच जण भिक्षेच्या निमित्तानें तेथें आले होते. मुलें पळविणारी टोळी फिरत आहे, अशा अफवा त्यापूर्वीं कित्येक दिवस मोबाइलवरून पसरत होत्या. त्यांतील एक जण एका लहान मुलीशीं बोलत आहे असें पाहून जमाव जमला, आणि ग्रामपंचायतीच्या खोलींत कोंडून त्या पांचहि जणांना मारून टाकण्यांत आलें. ते मुलें पळविणारे नव्हते. त्याच दिवशीं नाशिक जिल्ह्यांतील मालेगांव येथें अशाच जमावाच्या तावडींतून पोलिसांनीं पांच जणांस वांचविलें; त्यांत एक अगदीं लहान मूल होतें. त्याच्या तीन-चार आठवडे अगोदर, जून महिन्यांत, आपल्याच मराठवाड्यांतील वैजापूर तालुक्यांत दरोडेखोर समजून केलेल्या मारहाणींत दोघांचे प्राण गेले होते.

आपल्या नांदेड जिल्ह्यांत लोहा तालुक्यांतील माळेगांवीं खंडोबाची मोठी यात्रा भरते. गोसावी, वैदू, गोपाळ, घिसाडी अशा किती तरी भटक्या जमातींचे लोक तेथें दरसाल एकत्र येतात. आपल्या आजी-आजोबांना हे लोक परके वाटत नव्हते; त्यांना ते नांवानिशीं ओळखत. आतां ओळखीचा मनुष्य डोळ्यांसमोर उभा असतां त्याच्यावर विश्वास न ठेवितां, कोणा अनोळखी माणसानें दूरवरून पाठविलेल्या चित्रावर आपण विश्वास ठेवितों. राईनपाड्यास जे घडलें तें आपल्या दारांतहि घडूं शकलें असतें, हें विसरतां कामा नये.

मग कंपनीनें काय करावें? लिफाफा तर तिला उघडतां येत नाहीं. म्हणून पत्र वाचण्याऐवजीं पत्राचा वेग कमी करण्याची युक्ति तिनें योजिली. जुलै २०१८ मध्यें पुढें ढकललेल्या संदेशावर तशी खूण येऊं लागली, आणि भारतांत एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं संदेश ढकलण्यास बंदी झाली. जानेवारी २०१९ मध्यें हीच मर्यादा साऱ्या जगास लागूं झाली. एप्रिल २०२० मध्यें, पुष्कळ वेळां फिरून आलेला संदेश एका वेळीं एकाच ठिकाणीं ढकलतां येईल असा नियम आला. त्यामुळें अशा संदेशांचा प्रसार शेंकडा ७० नें घटला असें कंपनीनें सांगितलें.

यांतलें गणित विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावें. प्रत्येकानें वीस जणांस संदेश पाठविला तर चौथ्या पायरीला तो १,६०,००० जणांपर्यंत पोंचतो. प्रत्येकानें पांच जणांस पाठविला तर चौथ्या पायरीला केवळ ६२५ जणांपर्यंत. आणि प्रत्येकानें एकासच पाठविला तर चौथ्या पायरीला एकच. मजकूर तोच, माणसें तींच. फरक फक्त हाताच्या आवरण्याचा. कोणाचेंहि पत्र न फोडतां अफवेचे पाय बांधतां येतात, हें यावरून सिद्ध होतें.

४. एका खोट्या चित्राची किंमत

लातूरला परीक्षांच्या तयारीसाठीं दूरदूरच्या गांवांहून मुलें येऊन राहतात. त्यांना जवळचें वाटेल असें एक उदाहरण देतों. ता. १८ जून २०२४ रोजीं प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठीं असलेली यूजीसी-नेट परीक्षा देशभर झाली. नऊ लाखांहून अधिक उमेदवार तिला बसले होते. दुसऱ्याच दिवशीं ती रद्द झाली. कारण प्रश्नपत्रिका परीक्षेपूर्वींच टेलिग्रामवर फिरत होती असें दाखविणारें एक चित्र सरकारच्या हातीं आलें. पुढें केंद्रीय अन्वेषण विभागाच्या तपासांत असें आढळलें कीं, तें चित्रच बनावट होतें. परीक्षा सुरू झाल्यानंतरचें चित्र आधींचें वाटावें अशी त्यांत फेरफार केलेली होती. म्हणजे एका बोटाच्या खोडीनें नऊ लाख तरुणांचे श्रम वायां गेले आणि त्यांना पुन्हां परीक्षा द्यावी लागली. गंमत म्हणून केलेल्या गोष्टीची किंमत दुसऱ्यांनीं मोजावी लागते, हें लक्षांत ठेवा.

५. राजदंडाची मर्यादा

हें सारें ऐकून कोणी म्हणेल, ‘सरकारनेंच कडक कायदा करून तोंडें बंद करावीं.’ परंतु मराठवाड्याच्या माणसानें असें म्हणण्यापूर्वीं आपल्या वडिलांचा इतिहास आठवावा. निजामाच्या राज्यांत गश्ती निशाण ५३ या हुकुमानें परवानगीवांचून जाहीर सभा भरवितां येत नसे. शांतता राखणें हेंच कारण तेव्हांहि सांगितलें जाई. लोक मग वाचनालयें, साहित्यसंस्था, उत्सव यांच्या आडोशानें एकत्र येत. त्यापूर्वीं ब्रिटिश मुलुखांत १८७८ च्या कायद्यानें देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झालीच होती; पुढें लॉर्ड रिपन यांच्या अमदानींत तो कायदा रद्द झाला. इंग्रजी पत्रांस मात्र तो लागूंच नव्हता, ही गोष्ट ध्यानांत घेतली म्हणजे अशा कायद्याचा रोख कोणावर असतो तें सहज कळतें.

स्वतंत्र भारतांतहि असा प्रसंग आला. नोव्हेंबर २०१२ मध्यें बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद पडली असतां, पालघर येथील एका तरुणीनें त्याविषयीं फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीनें त्यांस पसंती दर्शविली. दोघींनाहि अटक झाली. ज्या कलमाचा तेव्हां उपयोग झाला, तें माहिती तंत्रज्ञान कायद्याचें कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयानें ता. २४ मार्च २०१५ रोजीं घटनाबाह्य ठरविलें. ‘त्रासदायक’ यांसारख्या संदिग्ध शब्दांच्या आधारें माणसास तुरुंगांत टाकतां येणार नाहीं, असा त्याचा आशय होता.

याचा अर्थ कायदा नकोच असा नव्हे. १८६७ च्या छापखान्याच्या कायद्यानें प्रत्येक छापील पुस्तकावर व वृत्तपत्रावर मुद्रकाचें आणि प्रकाशकाचें नांव घालणें भाग पाडलें. मजकूर कोणीं छापला हें वाचकास कळावें, हें योग्यच आहे. फेब्रुवारी २०२१ मधील केंद्र सरकारच्या नियमांनीं कंपन्यांस तक्रार ऐकणारा अधिकारी नेमावयास लाविलें. आणि ५० लाखांहून अधिक लोक वापरतात अशा संदेशवाहक कंपन्यांनीं, न्यायालयानें किंवा अधिकृत सत्तेनें गंभीर गुन्ह्याच्या तपासासाठीं विचारल्यास, संदेश मूळ कोणीं पाठविला तें सांगितलें पाहिजे असेंहि ठरविलें. सरकारचें म्हणणें, राईनपाड्यासारख्या प्रसंगीं आग लावणारा सांपडला पाहिजे. व्हॉट्सॲपचें म्हणणें, एकाचा माग काढतां यावा म्हणून सर्वांच्या लिफाफ्यांवर खूण करावी लागेल आणि कुलूप व्यर्थ होईल. मे २०२१ मध्यें ही कंपनी दिल्ली उच्च न्यायालयांत गेली. दोन्ही बाजूंस तथ्य आहे, म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे.

शिवाय मास्टोडॉनसारख्या वस्तींत नोटीस बजावावी कोणावर? शे-दोनशे माणसांचा सर्व्हर चालविणारा एखादा हौशी मनुष्य दूरदेशीं असतो. त्याच्याजवळ ना कचेरी, ना वकील. मोठ्या गोलासाठीं केलेला नियम पाऊलवाटेला बसत नाहीं. म्हणून राजदंड पोंचत नाहीं तेथें लोकांच्या स्वतःच्या शिस्तीवांचून दुसरा उपाय राहत नाहीं.

६. पंचांची सत्ता

मध्य नसलेल्या वस्तींत शिस्त असूं शकते काय? असूं शकते. जुलै २०१९ मध्यें द्वेषाच्या मजकुराबद्दल कुप्रसिद्ध असलेल्या ‘गॅब’ या संस्थेनें मास्टोडॉनच्या व्यवस्थेंत प्रवेश केला, तेव्हां पुष्कळ सर्व्हरांच्या चालकांनीं तिच्याशीं आपला संबंध तोडला. कोणत्याहि न्यायालयाचा हुकूम नव्हता. ज्या त्या खेड्यानें आपली वेस लावून घेतली.

परंतु वाळीत टाकण्याचें हें शस्त्र दुधारी आहे, हें महाराष्ट्राइतकें कोणास ठाऊक असणार? जातपंचायतींनीं किती तरी कुटुंबांचा हुक्कापाणी बंद केला, लग्नें मोडलीं, प्रेताला खांदा मिळूं दिला नाहीं. शेवटीं महाराष्ट्र विधिमंडळानें सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. २०१६ चा हा कायदा २०१७ मध्यें अंमलांत आला. लहान समाजाची स्वतःची सत्ता नेहमींच न्यायाची असते असें नाहीं. पंचांना जाब विचारणारा कोणी असावा लागतो, आणि बाहेर काढलेल्यास आपली बाजू मांडण्यास जागा असावी लागते. मोबाइलवरील पंचांनाहि हेंच लागूं आहे.

ग्रुपच्या ॲडमिनवर कायद्यानें कितपत जबाबदारी पडते? गोंदिया जिल्ह्यांतील एका प्रकरणांत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें ता. १ मार्च २०२१ रोजीं असें ठरविलें कीं, एखाद्या सदस्यानें लिहिलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, सामाईक हेतु सिद्ध झाल्यावांचून, ॲडमिनला गुन्हेगार धरतां येत नाहीं. सदस्यास घेणें व काढणें एवढीच त्याची सत्ता. मजकूर येण्यापूर्वीं तो अडविणें त्याच्या हातीं नाहीं, असें कारण न्यायालयानें दिलें. पुढें २०२२ मध्यें दुसऱ्याचा संदेश सर्वांसाठीं पुसून टाकण्याची सोय ॲडमिनला मिळाली. म्हणजे कायद्याची जबाबदारी जेथें संपते तेथून त्याची नैतिक जबाबदारी सुरू होते, आणि सत्ता वाढली तशी तीहि वाढली आहे.

७. माझी स्वतःची चूक

एवढें सांगितल्यावर एक गोष्ट न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. कांहीं वर्षांपूर्वीं मी एका वर्गाच्या पालकांचा ग्रुप चालवीत होतों. ज्यांची फी राहिली होती अशा मुलांची नांवें मीं एका संध्याकाळीं त्या ग्रुपवर टाकिलीं. माझ्या मनांत वाईट कांहींच नव्हतें. काम लवकर उरकावें, प्रत्येकास निराळें कळवीत बसावें लागूं नये, एवढाच आळस त्यांत होता. दुसऱ्या दिवसापासून एक मुलगा शाळेंत येईनासा झाला. चौथ्या दिवशीं मी त्याच्या घरीं गेलों. त्याचे वडील मोंढ्यांत हमाली करीत. त्यांनीं मला बसावयास पाट दिला, पाणी दिलें, आणि खालीं पाहत म्हणाले, “सर, फी राहिली ही गोष्ट खरी. पण ती तुमच्या-माझ्यातली होती. मोंढ्यात चौघांनी मला विचारलं. पोरगं म्हणतं, मी आता वर्गात कसा बसू?”

मला उत्तर सुचलें नाहीं. मीं तो संदेश पुसला होता. पण तोंवर तो कोणी तरी दुसऱ्या ग्रुपवर ढकलला होता, आणि तेथून तो परत आणणें माझ्या हातीं नव्हतें. मीं त्या गृहस्थांची क्षमा मागितली, आणि मुलासमोर मागितली. ज्या ग्रुपवर नांवें लिहिलीं होतीं त्याच ग्रुपवर माझी चूक मीं कबूल केली. दोन दिवसांनीं मुलगा परत आला; परंतु पूर्वीं पहिल्या बांकावर बसणारा तो मुलगा पुढें कित्येक दिवस मागें बसत असे. तो रिकामा बांक मला माझ्या पदवीनें न शिकविलेला धडा शिकवून गेला. अफवा पसरविणाऱ्यांस मी दोष देत होतों, आणि खरी असलेली, परंतु माझी नसलेली गोष्ट मीं स्वतःच चावडीवर मांडली होती. खोटें बोलणें हेंच पाप नव्हे. दुसऱ्याचें खरें चव्हाट्यावर आणणें हाहि अपराध आहे.

त्यानंतर आम्हीं पालकांनीं आणि शिक्षकांनीं एकत्र बसून त्या ग्रुपचे कांहीं नियम ठरविले. ते असे:

(१) कोणाहि मुलाचे गुण, फी, आजार किंवा चूक यांविषयीं ग्रुपवर लिहावयाचें नाहीं. तें ज्याचें त्यासच कळवावयाचें.
(२) मुलांचीं छायाचित्रें त्यांच्या आई-वडिलांच्या संमतीवांचून टाकावयाचीं नाहींत.
(३) बाहेरून आलेली बातमी टाकणाऱ्यानें ती कोठून मिळाली तें लिहावें. लिहितां येत नसेल तर टाकूं नये.
(४) ॲडमिन दोन असावेत, एक शिक्षक व एक पालक. म्हणजे कोणा एकाच्या लहरीवर कारभार चालणार नाहीं.
(५) कोणास काढण्यापूर्वीं त्याच्याशीं एकदां प्रत्यक्ष बोलावें.

नियम साधे आहेत. परंतु ते सर्वांनीं मिळून केले, म्हणून पाळले गेले. वरून आलेला हुकूम मनुष्य चुकवूं पाहतो. स्वतः मान्य केलेला नियम त्याला आपला वाटतो.

८. पालकांस व विद्यार्थ्यांस

पालकांस एक विनंति. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानें १८ वर्षांखालील प्रत्येकास बालक मानलें असून, त्याची माहिती हाताळण्यापूर्वीं आई-वडिलांची पडताळतां येईल अशी संमति घेतली पाहिजे असें तत्त्व घालून दिलें आहे. परंतु संमति देणाऱ्यास आपण कशास संमति देत आहों हें ठाऊक नसेल तर तिचा उपयोग काय? मुलाच्या हातून मोबाइल हिसकावून त्याचे सारे संदेश वाचणें सोपें आहे. मुलानें स्वतः होऊन ‘बाबा, हें पाहा, मला काय आलें आहे’ असें म्हणावें इतका विश्वास मिळविणें अवघड आहे. दुसरी वाट धरावी. लहान मुलावर लक्ष ठेवावें, मोठ्या होत चाललेल्या मुलास हळूहळू त्याचें दार लावूं द्यावें.

विद्यार्थ्यांनो, तुम्हांस कोणत्या ग्रुपांत कोणीं घालावें हें ठरविण्याची सोय व्हॉट्सॲपमध्यें एप्रिल २०१९ पासून आहे, ती वापरा. कोणी घाणेरडा किंवा धमकीचा संदेश पाठविला तर तो कंपनीस कळवितां येतो. तसें केल्यास त्या माणसाकडून आलेले शेवटचे पांच संदेश कंपनीकडे जातात, आणि तेवढ्यापुरता लिफाफा तुम्हीं स्वतःच्या इच्छेनें उघडून दाखविलेला असतो. ही तक्रार चहाडी नव्हे. पैशांची फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर, संकटांत सांपडलेल्या बालकासाठीं १०९८ वर, आणि कोठें जमाव जमून कोणाच्या जिवावर बेतत असेल तर ११२ वर ताबडतोब कळवावें. राईनपाड्याच्या बाजारांत त्या दिवशीं शेंकडों लोक होते. अशा वेळीं पहिला शहाणा शब्द उच्चारणारा एक जरी उभा राहिला, तरी जमावाचा हात अडखळतो.

गंजगोलाईच्या गोलावर पोलिस उभा करतां येईल. पाऊलवाटेवर तो करतां येत नाहीं. तेथें वाटसरूचा विवेक हाच पोलिस. पुढील वर्षांत तुमच्या हातीं जो संदेश येईल, तो ढकलण्यापूर्वीं तीन प्रश्न स्वतःस विचारा: हें खरें आहे काय? हें माझें सांगण्याचें आहे काय? आणि ज्याच्याविषयीं हें आहे तो माझ्या शेजारीं बसला असता, तर मीं हें पाठविलें असतें काय? तिन्ही प्रश्नांस ‘होय’ असें उत्तर आलें, तरच बोट पुढें करा.